लेकीच्या लग्नातून उठून गेलेली प्रयागबाई

लेकीच्या अक्षता पडत असताना प्रयागबाई राजमहंमदच्या जीपमध्ये बसून पळून गेली, ही बातमी पंगत उठायच्या आत निरगुडसरभर झाली. नव्व्याण्णव सालचा मे महिना. टीव्हीवरच्या मालिकेपेक्षा हे चवदार. शेजारची लंकाबाई तर शपथेवर सांगायची, "पदर दारात अडकला, तरी मागं वळून पाहिलं न्हाई बया."

बाई तशी गप्पांना खाद्य पुरवणारी नव्हेच. नवरा लवकर गेला. पदरी वृषाली आणि तिच्या पाठचा सूरज. सूरजला फिट यायच्या, आणि मिसरूड फुटायची वेळ आली तरी शर्टाची बटणं लावता येत नव्हती. घोडेगावला अशा मुलांची निवासी शाळा निघाली, तिथं तिनं त्याला ठेवलं. तो बटणं लावायला शिकला. मग भेटीला गेली की ती मुद्दाम सगळी बटणं सोडायची आणि त्याच्याकडून पुन्हा लावून घ्यायची.

वृषालीला डिंगोऱ्याचं स्थळ आलं तेव्हा दीर कुंडलिक पाव्हण्यांना सांगून बसला, मुलीला भाऊच नाही. फिटचं पोरगं घरात आहे असं कळतं तर सोयरीक तिथंच मोडली असती. प्रयागबाई गप्प राहिली.

पण लग्नसराईत शाळेलाही सुट्टी. तिथली स्वयंपाकीण अंजना म्हणाली, "मावशी, समदी पोरं घरी निघाली. ह्यालाबी न्या."

"घरात लगीन हाय."

"मग बहिणीच्या लग्नाला भावानं यायचं न्हाई व्हय?"

प्रयागबाईनं फिटच्या गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या. "लगीन उरकंस्तवर तुझ्यापाशी राहू दे."

नवरदेवाचा कान पिळायला चुलतभाऊ उभा केला. आमच्याकडं मुलीची आई अक्षतांना समोर थांबत नाही, तुळशीला पाणी घालत बसते. तिथंच घोडेगावचा जीपवाला राजमहंमद मागच्या दारानं आला, हळूच काही बोलला. तिनं तांब्या खाली ठेवला. कुंडलिक आडवा आला.

"वहिनी, पोरीची पाठवणी व्हायचीय. लोकं काय म्हणतील?"

"म्हणू द्या. तुमचंच ऐकून आजवर गप बसले. आता वाट सोडा."

कन्यादान चुलता-चुलतीनं केलं. गाडीत बसताना वृषाली आईला शोधत राहिली. पाव्हण्यांना सांगितलं, आईला ऊन लागलं. गावानं मात्र राजमहंमदच पक्का केला. त्याची बायको हाजराबी बाजारात मान वर करीना. आणि प्रयागबाईला कुणी खोदून विचारलं, तर म्हणायची, "व्हय, त्याच्याच जीपमधनं गेले व्हते." पुढं अक्षर नाही.

वृषालीला मूल झालं, ते नीट चालू-बोलू लागलं, तेव्हा कुठं प्रयागबाईनं तोंड उघडलं.

शाळेतल्या हौदापाशी सूरजला फिट आली आणि तो पाण्यात पडला. राजमहंमद तो निरोप घेऊन आला होता. ती पोचली तेव्हा पोरगं गेलेलं होतं. गावात कळलं असतं तर पोरीला फिटचा भाऊ होता हे डिंगोऱ्यापर्यंत जाऊन लेक माघारी आली असती, म्हणून तिनं त्याला घोडेगावातच अग्नी दिला.