बरणीतला गाळ धुऊ नये

आठच्या आठ बरण्यांत नितळ पाणी होतं. झाकणं घट्ट. लेबलंही जागच्या जागी, ‘बेंथॉस १’, ‘बेंथॉस २’, अशी. फक्त सकाळी मी त्यांत भरलेला काळा गाळ कुठंच नव्हता.

“राखेनं घासल्या,” दगडूनाना म्हणाले. “पाणी धोतरातनं तीनदा गाळून भरलंय. लेबलं भिजू दिली न्हाईत.”

अणदूरच्या पुढं एक साठवण तलाव आहे, तिथली ही गोष्ट. नाना म्हणजे तिथल्या मासेमार सोसायटीतले सर्वांत जुने सभासद. मी सोलापूरच्या एका लॅबमध्ये फील्ड बायॉलॉजिस्ट. परंड्याकडच्या मेंढपाळाच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट आणि वर एम.एस्सी. झूऑलॉजी. हे मी कुणी न विचारताही सांगते. त्या दिवशी स्कूटर पंक्चर झाली, म्हणून बरण्या नानांच्या खोपीत ठेवून मी अणदूरला गेले होते.

“नाना, गाळ कुठं टाकलात?”

“तळ्यात. आन् कुठं टाकनार? मागं एकजण पाणी तपासाया आलता. बाटलीत काडी दिसली तर माझ्यावर खेकसला. म्हनलं, आपल्या पोरीला कुनी बोलाय नगं.”

यावर रागवायचं कसं, ते मला कुठल्या कॉलेजनं शिकवलं नव्हतं.

पण प्रकरण गंभीर होतं. काठावर जेसीबी येऊन उभा होता. तलावातला गाळ काढून शेतात टाकायचा, काम चांगलंच. तळं खोल होतं, रानाला माती मिळते. मात्र एका झटक्यात सगळा तळ खरवडला तर मासे खातील काय, अशी सोसायटीची भीती होती. त्यासाठीच आमचा रिपोर्ट होता आणि दुसऱ्या दिवशी अकराला तुळजापुरात मीटिंग.

मी लॅबमधल्या सरांना फोन लावला.

“सर, सँपल गेली.”

“गेली म्हणजे?”

“धुतली गेली.”

“कुणी धुतली?”

नाना माझ्यासाठी चहा ठेवत होते, चुलीत फुंकर घालत. “माझ्याकडून झालं, सर.”

“मग ‘सँपल घेता आलं नाही’ असं लिही. ते सगळा तळ काढतील. आपण काय करणार?”

चहा घेता घेता मी नानांना खरं काय ते सांगितलं: तपासायचा होता तो गाळच, आणि तो नाही तर तळ वाचत नाही. त्यांची बशी तोंडाशीच थांबली.

“म्हंजे म्या माज्याच हातानं माजं तळं धुतलं व्हय?”

“अजून ऊन आहे, नाना. तुमचा तराफा काढा.”

थर्माकोलच्या तराफ्यावर आम्ही दोघं आणि माझा ग्रॅब. ग्रॅब म्हणजे लोखंडी जबडा. दोरीनं तळाशी सोडायचा, वरून वजन टाकलं की तो मिटतो आणि तळातला घास घेऊन वर येतो.

“सकाळी बघत हुतो,” नाना म्हणाले. “निम्म्या येळंला तू खडकावरच हानत हुतीस. माशाचं ताट वड्याच्या तोंडाला हाय, आन् पल्याडच्या काठाला. बुडबुडं येत्यात बघ तिथं.”

“आधी सकाळच्याच आठ जागा. नुसत्या चांगल्या जागा घेतल्या तर ती लबाडी झाली. तुमच्या दोन जागा वेगळ्या लिहिते.”

“लई शिकलीस,” म्हणाले. कौतुक की टोमणा, कळलं नाही. मी कौतुक धरलं.

त्यांच्या दोन्ही जागांचा गाळ बारीक जाळीच्या चाळणीत धुतला, तेव्हा चाळणी वळवळायला लागली. दोऱ्यासारख्या लाल अळ्या, गोगलगायी, शिंपले, बारीक कृमी.

नाना वाकून बघतच राहिले. “ह्या तर आमी गळाला लावतो त्या अळ्या!”

“यांनाच बेंथॉस म्हणतात. एकट्या अळीला नाही, तळात आणि तळावर राहणाऱ्या सगळ्यांना मिळून. पाण्यात तरंगणारे वेगळे, पोहणारे मासे वेगळे.”

“मग आदी सांगायचं की! लेबलावर सायबाच्या भाषेत लिव्हतीस, आन् धुतलं म्हून माझ्याकडं बघतीस.”

बरोबरच होतं.

रात्री लॅबमध्ये मोजणी केली आणि सकाळी तुळजापूर गाठलं. भवानीच्या दर्शनाच्या गर्दीतून वाट काढत नानाही आले, धुतलेलं धोतर नेसून. बहुधा तेच, गाळायचं.

मीटिंगमध्ये गाळ काढण्याच्या कामाच्या इंजिनिअर साहेबांनी रिपोर्ट चाळला. “मॅडम, मी नेटवर पाहिलं. बेंथॉस म्हणजे समुद्राच्या तळाचं. धाराशिव जिल्ह्यात समुद्र कुठं आहे?”

“शब्द समुद्रासाठीच निघाला, साहेब. मूळ ग्रीक, अर्थ खोली. पण आता तलाव आणि नदीच्या तळालाही तोच वापरतात.”

“म्हणजे तळाचा गाळच ना? तोच तर आम्ही काढतोय.”

मी व्याख्या सांगायला तोंड उघडलं, त्याआधीच मागून नाना बोलले.

“सायेब, गोठा आन् जनावरं एक न्हाईत. गाळ ह्यो गोठा. बेंतास म्हंजी आतली जनावरं. शेन काढायचं तर काढा, पर जनावरं दावणीला हाईत तवर गोठा पाडू नगा.”

साहेब हसले. मग रिपोर्टचं ते पान त्यांनी पुन्हा, नीट वाचलं. एम.एस्सी.ला मी हीच व्याख्या दीड पान लिहिली होती.

आम्ही ओढ्याच्या तोंडाचा आणि पलीकडच्या काठाचा, असे दोन पट्टे न खरवडता राखायला मागितले होते. एकच मिळाला, ओढ्याच्या तोंडाचा. तिथं जेसीबी उतरला नाही. बाकीचा गाळ रानात गेला. नाना म्हणाले, ताट ऱ्हायलं, बास.

तेव्हापासून माझं लेबल असं असतं: ‘बेंथॉस. म्हणजे तळातले जीव. गाळासकट हवेत. धुऊ नये.’

सर म्हणाले, “एवढं मोठं लेबल असतं का कुठं?”

मी म्हटलं, “बरणी मायेच्या माणसाकडं ठेवायची असली, की लागतं.”