उंदरीच्या दुधाची गोष्ट

म्हाळसाच्या पायांना कधी थारा नव्हता. लहानपणी मेंढरांमागं हिंडली, मोठेपणी पुण्याच्या प्रयोगशाळेत उंदरांमागं. १९९६ साली गावी, कऱ्हाटीत, कुणी विचारलं, पोरगी काय करते, की तिची आई द्वारकाबाई कपाळाला हात लावून सांगायच्या, "उंदरं पाळती!"

पाळणं हा त्यातला सोपा भाग. दुधातली चरबी पचवणारं एक विकर उंदराच्या अंगात असतं. ते घडवणारं जनुक अकरा तुकड्यांत विखुरलेलं, आणि म्हाळसा ते तुकडे जुळवत बसलेली. हे विकर पोटातल्या स्वादुपिंडात सापडणार, हे ठाऊकच होतं. पण व्यालेल्या उंदरीच्या स्तनांतही तेच जनुक जागं असतं. पिल्लाचं स्वादुपिंड अजून कच्चं, म्हणून आई दुधाबरोबर ते पचवायची सोयही पाठवते. बाईच्या दुधातही ही सोय असते, हे म्हाळसानं वाचलं होतं. तेव्हापासून तिला चैन नव्हती.

अशात छकुलीवहिनी बाळंत झाली आणि म्हाळसा घरी आली. पाहते तो वहिनीचा चीक पिळून मोरीत टाकलेला, आणि द्वारकाबाई बाळाला बोळ्यानं गुळाचं पाणी पाजतायत. रडून रडून बाळाचा आवाज बसला होता.

"आई, वहिनीला पाजू दे की त्याला."

"चीक जड असतो. पचत न्हाय."

"कोकराला तर तूच धरून पाजतीस!"

"मेंढराचं येगळं, माणसाचं येगळं."

"येगळं न्हाय गं! पचवायचं औशद त्या दुधातच असतं." येरझाऱ्या घालत म्हाळसा उंदरी, पिल्लं, जनुक सगळं एका दमात सांगत सुटली.

द्वारकाबाईंचा हात थांबला. "मग तुज्या आदी झालेला माजा ल्योक बारशाआदीच गेला," त्या पुटपुटल्या. "त्यालाबी म्या चीक दिला न्हवता. माज्यामुळं गेला व्हय त्यो?"

म्हाळसा जागीच थबकली. तो कशानं गेला हे तिला माहीत नव्हतं, आणि आता कुणालाच कळणार नव्हतं. दहादा तपासल्याशिवाय एक वाक्य न बोलणारी बाई ती.

"न्हाय आई. त्याचा ह्याच्याशी काय संबंद न्हाय."

"माजी शपथ घे."

खोटी शपथ घेतली की ती ज्याची, त्याच्या जिवावर बेतते, असं मानणाऱ्या घरात म्हाळसा वाढली होती. एवढं शिकूनही तिला दरदरून घाम फुटला.

"तुजी शपथ," ती म्हणाली.

द्वारकाबाईंनी बाळ छकुलीच्या कुशीत दिलं आणि भिंतीकडं तोंड करून त्या ओक्साबोक्शी रडल्या.