भिंतीपलीकडचा बेस

नालवाडीत शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच होती. शेजाऱ्यांना कमी ऐकू यायचं; ते मान तिरकी करून बोलायचे, प्रत्येक वाक्यामागे "आयकलं का?" विचारायचे. त्यांनी आपल्या भारी स्टिरिओला बेसचा मोठा डबा जोडला आणि आमच्या भिंती थरथरू लागल्या. मी धास्तावलो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर बाबा नुकतेच घरी आले होते. नुसते गप्प पडून असायचे.

तेवढ्यात शेजारी स्वतःच आले. बाबांच्या उशाशी बसून त्यांनी भिंतीला तळहात लावला आणि पलीकडे बायकोला ओरडून सांगितलं, "कमी कर वं! अजून कमी! भिंत हालून राह्यली!"

हादरे थांबले. बाबांनी डोळे उघडले.

"काऊन कमी केलं जी? गाणं समजून नाई राह्यलं."

घरी आल्यापासून बाबांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. माझा जीव भांड्यात पडला.