साडेबाराचा वरणभात

माझ्या साडूंइतका वेळेचा पक्का माणूस अख्ख्या अमिरातीत सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याला चुकूनही जेवायला बोलावू नका. साडू राहतात दुबईत अल कुसैसला, आम्ही शारजात. मधल्या ट्रॅफिकचं निमित्त करून ते सातच्या जेवणाला साडेपाचलाच हजर होतात. मी आंघोळीला गेलेला, बायकोचे हात कणकेत, आणि हे दारात विजयी मुद्रेने उभे! "रस्ता मोकळा मिळाला!" विमानतळावर पाच तास आधी पोचून ते बंद काउंटरसमोर एकट्याची रांग लावतात. घरातून निघताना त्यांचा "यल्ला, यल्ला" असा 'चला, चला'चा अरबी धोशा सुरू झाला, की ताईंच्या पायात दुसरी चप्पल जाईपर्यंत थांबत नाही. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. तीस वर्षांच्या संसारात त्या माउलीने एक कप चहा बसून प्यायला असेल, तर तो माहेरी.

बारा वर्षांपूर्वी हे जोडपं एका मराठी टूरबरोबर युरोपला गेलं. नऊ दिवसांत सात देश, आणि आचारी सोबत. व्हेनिसला कालव्यातल्या होडीत बसायचं हे ताईंचं लग्नाआधीपासूनचं स्वप्न. रांगेत पुढे तीनच जोडपी उरली असताना साडूंनी घड्याळ पाहिलं. टूरचं जेवण साडेबाराला होतं. "चल, वरणभात गार होईल," म्हणत त्यांनी ताईंना रांगेबाहेर ओढलं. व्हेनिसच्या पाण्याकडे पाठ फिरवून वरणाकडे धावणारा माणूस फक्त आपल्यातच जन्माला येतो. धापा टाकत पोचले, तर आचाऱ्याने कुकरसुद्धा चढवला नव्हता.

ताई भांडल्या नाहीत. त्यांनी त्याहून वाईट केलं. पुढची बारा वर्षं साडूंनी "यल्ला" म्हटलं, की त्या शांतपणे विचारायच्या, "का हो, वरण गार होतंय का?" आम्ही हसायचो. साडू हसायचे नाहीत.

यंदा, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी जाहीर केलं, की आपण दोघं पाठीवर सॅक टाकून तरुण पोरांसारखं युरोप भटकणार. "नो टूर, नो टाइमटेबल. तिला त्या होडीत बसवायचंय, खलास!" ड्रॅगन मार्टच्या स्वस्त चिनी बाजारातून दोन सॅक आल्या. पाठोपाठ मला एक एक्सेल शीट आली. 'दहा ते सव्वाअकरा : वाट चुकणे. सव्वाअकरा ते साडेअकरा : कॉफी, निवांत.' त्यांची लेक कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, नोबडी शेड्यूल्स गेटिंग लॉस्ट!"

"मग परत कधी सापडायचं, ते कसं कळणार?" साडूंनी गंभीरपणे विचारलं.

परत आल्यावर परवा दोघं आमच्याकडे जेवायला आले. सातचं बोलावणं, आले सव्वाआठला! मी टोमणा परजतच होतो, तेवढ्यात ताईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं आणि प्रवासाची हकिगत सांगितली.

व्हेनिसला दोन्ही सॅक साडूंनीच घेतल्या होत्या, एक पाठीवर, एक पोटावर. होड्यांचा तोच धक्का, तीच रांग. घड्याळ काढून त्यांनी खिशात टाकलं. साडेबारा वाजून गेले, दीड वाजला, पण माणूस हूं की चूं नाही. शेवटी नंबर लागला. होडी खाली डुलत होती, पायरी ओली होती आणि ताईंचे गुडघे गेली तीन वर्षं दुखताहेत. त्यांनी पाय पुढे केला, मागे घेतला. नावाड्याने हात दिला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ताईच म्हणाल्या, "राहू द्या हो. आता नाही जमायचं. चला, जेवायची वेळ टळली."

साडू हलले नाहीत. दोन सॅकमध्ये अडकलेले तसेच ते पायरीवर बसले. जन्मात कुठेही उशिरा न पोचलेला तो माणूस पाण्याकडे बघत म्हणाला, "उशीर केला गं मी."

"तेव्हा आता वरणावरून त्यांना कुणी काही बोलायचं नाही," ताईंनी मला बजावलं.

मी टोमणा ओट्यावरच ठेवला. बाहेर येऊन पाहिलं, तर साडू वाढलेल्या ताटासमोर बसले होते. वरण गार होत चाललं होतं, आणि ताई येईपर्यंत त्यांनी भाताला हात लावला नव्हता.