सुकदेवभाऊंच्या मागावर कोणी उभे राहिले नाही

महिन्यापूर्वी कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलासमोर एक बाई येऊन उभी राहिली. तिला मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज हवा होता. सवयीप्रमाणे मान वर न करता मी विचारले, "मयताचे नाव?"

"तुमले माहीत शे, अप्पा."

मान वर केली. केवळबाई होत्या, आमच्या सुकदेवभाऊंच्या पत्नी. ते गेल्याची वार्ता मला अशी कळली... आणि तो अर्ज मी एकही खाडाखोड न करता पूर्ण लिहिला.

सुरतेच्या नवागामातील आमच्या खानदेशी मंडळाचा मी चिटणीस. शिक्षण सातवी नापास, परंतु माझ्या हातचा अर्ज कोणत्याही साहेबाने आजवर परत केलेला नाही. सुकदेवभाऊ मंडळाचे स्वयंसेवक. गावाकडून एकटा आलेला कामगार आजारी पडला की मोठ्या दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसावे, त्याचे कपडे धुवावेत, डॉक्टर गुजरातीत काय म्हणाले ते त्याला अहिराणीत सांगावे, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. स्वतः मात्र ते लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला होते, आणि बंद माग सुरतेतल्या शेठला दोन दिवसही पाहवत नाही. म्हणून मंडळाची रीत अशी, की स्वयंसेवक दवाखान्यात असेल तोवर त्याच्या मागावर मंडळाने दुसरा कारागीर उभा करावा. पुढेपुढे ही रीत कागदावरच राहिली.

एका वर्षी तापाची साथ आली. भर सभेत सुकदेवभाऊ म्हणाले, "अप्पा, मुकादम रोज बोंबलस. मना मागवर आठ दिन माणूस द्या."

मी म्हणालो, "सेवा करणारा अटी घालत नाही, सुकदेवभाऊ. की आता खाटेशी बसण्याचाही पगार हवा?"

मागून कोणी ओरडले, "याले नर्सनी नोकरी द्या रे!" सभा हसली. सुकदेवभाऊही हसले. मागणी 'सेवाभावास बाधक' म्हणून नामंजूर, असे मी इतिवृत्तात लिहिले. तो शब्द मला फार आवडला होता. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दवाखान्यात गेले. पंधरवड्यात माग गेला. मग पांडेसऱ्याच्या रंगाच्या कारखान्यात पिंपे उचलण्याचे काम, पन्नाशीच्या माणसाला... तेथेच छाती कामातून गेली.

ते स्वतः खाटेवर पडले तेव्हा केवळबाईंनी निरोप पाठवला, त्यांच्याजवळ बसायला कोणी द्या, मला चार घरची भांडी सुटत नाहीत. मी रीतसर अर्ज मागवला. मागितला कोणाकडे, तर जिला अक्षर येत नाही तिच्याकडे. आणि अर्ज लिहिणारा मी. चौथ्या दिवशी, केवळबाई कामावर असताना, ते गेले. शेवटचे पाणी कोणी दिले, की दिलेच नाही, हे सांगणारे कोणी नाही.

शोकसभेत मी ठराव मांडला, की यापुढे प्रत्येक स्वयंसेवकाच्या मागावर कारागीर उभा करणे मंडळास बंधनकारक राहील. भाषेची तारीफ झाली. ठराव एकमताने मंजूर झाला. मग एका म्हाताऱ्या कारागिराने विचारले, "पन अप्पा, आते दवाखानामा कोन जाई?"

कोणी हात वर केला नाही. मीही नाही.

मंडळाच्या खोलीत अजूनही दुपारी एखादी बाई येते आणि दारातूनच विचारते, "सुकदेवभाऊ शेतस का?" मी नाही म्हणतो. ते बाहेर गेले असतील असे समजून ती पदराने घाम पुसते, आणि वाट पाहत उंबऱ्यावर बसते.