खोडलेली फवारणी

आमच्या धायरीच्या सोसायटीत माझ्या धाकट्या भावाबद्दल सगळ्यांना सगळं माहीत होतं. तो ऑस्ट्रेलियात वैमानिक आहे, हे बाबा लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत. लिफ्ट बंद असली तर जिन्यात सांगत. तिकिटात काही सवलत मिळेल का, असं लोक विचारत. बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणत, "ती फक्त रक्ताच्या नात्याला असते." भावाच्या विमानात मुळात सीटच एक होती आणि तीवर तो स्वतः बसायचा, एवढंच ते सांगत नसत. तो शेतांवर औषध फवारायचा.

बाबांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत, टेबलखुर्चीवर गेली. फवारणी हा शब्द काही त्यांच्या घशाखाली उतरेना. "पाठीला पंप बांधून हेच काम इथे करता आलं असतं," असं ते एकदा त्याच्या तोंडावर म्हणाले. मी हसले. तोही हसला. टोमणा मारला की समोरच्याची काळजी घेतली, अशी आमच्या घराची प्रामाणिक समजूत आहे.

दोन वर्षांपूर्वी तो सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. बायोडेटा त्याने स्वतःच्या हाताने लिहिला. मी शाळेत मराठी शिकवते. आमच्याकडे वाणसामानाची यादीसुद्धा माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय दुकानात जात नाही. 'व्यवसाय' या शब्दापुढे त्याने लिहिलं होतं : वैमानिक, शेतीवर औषध फवारणी. मी स्वल्पविरामापासून पुढचं सगळं लाल पेनने खोडलं आणि समासात शेरा मारला : अनावश्यक तपशील. बाबांनी मान डोलावली. भावाने कागद हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "ताई, दहापैकी किती?" मी साडेपाच दिले, तेही अक्षरासाठी.

त्या सुट्टीत तो बराच वेळ तळमजल्यावरच्या आजोबांकडे असायचा. आमची इमारत उभी आहे ती जमीन त्यांची. तिच्या बदल्यात त्यांना एक फ्लॅट मिळाला, आणि बऱ्याच अर्जांनंतर कुंडीत मिरच्या लावायची सोसायटीची लेखी परवानगी. आजोबा त्याला विचारायचे, वारा फिरला तर औषध कुठं जातं? बांधाला तारा असल्या तर काय करतोस? आम्ही घरचे मात्र खोलात शिरायचो. तिकडे पोळ्या मिळतात का, हे आम्ही त्याला तीनदा विचारलं.

यंदा संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात त्याच्या मालकाचा फोन आला. शेताच्या टोकाला विमान वर घेताना चाक विजेच्या तारेत अडकलं. विमान पिकातच कोसळलं आणि तो जागच्या जागी गेला. बाबांना सांगायला बाहेरच्या खोलीत जाईपर्यंत मी मनात शब्द निवडत होते. शेवटी 'विमान पडलं' एवढंच म्हणाले. एवढ्या मोठ्या दुःखातही संपादन चालू होतं माझं.

लोक समाचाराला येऊ लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना या अपघाताची बातमी कुठेच दिसली नव्हती आणि त्याचा जाब जणू बाबांनी द्यायचा होता.

"अहो, टीव्हीवर काहीच कसं नाही? किती प्रवासी होते?"

"एकटाच होता," बाबा म्हणाले.

"म्हणजे कार्गो?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो. कार्गो."

गृहस्थांना हायसं वाटलं. कार्गोच्या वैमानिकांवर किती ताण असतो, यावर त्यांनी खोलीतल्या सगळ्यांना माहिती दिली. ते स्वतः दोनदा विमानात बसलेले, त्यामुळे अधिकार होताच. मी उठून स्वयंपाकघरात गेले. मुलगा जाऊन तीन दिवस झाले होते आणि आम्ही आता त्याचं कामही घालवत होतो. मला बाबांचा राग आला नाही, स्वतःचीच किळस आली. लाल पेन माझं होतं.

सगळे गेल्यावर तळमजल्यावरचे आजोबा आले. सोफा सोडून खाली सतरंजीवर बसले. मग त्यांनी बाबांना विचारलं, "कुठल्या पिकावर होता वो?"

बाबा पुन्हा माझ्याकडे बघू लागले. मला माहीत नव्हतं. चार वर्षं माझा भाऊ जे काम करत होता, ते कुठल्या पिकावर, हे मला माहीत नव्हतं.

मी फोन काढला. त्याने पाठवलेले व्हिडिओ धूसर चौकोनांत तसेच पडून होते. एकही डाउनलोड केला नव्हता. खाली उत्तर मात्र प्रत्येकाला दिलं होतं, 'छान!' शेवटचा उघडला. विमानातल्या कॅमेऱ्याने टिपलेल्या हिरव्या ओळी भराभर खालून जात होत्या आणि त्यावर त्याचा आवाज होता. "ताई, हा कापूस. तू काही बघणार नाहीस, मला माहितीये. खालच्या आजोबांना तेवढा दाखव." आणि तो हसला.

आजोबांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. "पिकाच्या वर दोन पुरुष उंची बी न्हाई, बगा. आन् रेघ कुटं हालली न्हाई. म्या जलमभर पंप मारला, मला ठावं हाय. लई नाजूक हात हाय पोराचा."

बाबांनी फोन मागून घेतला. ते तोच व्हिडिओ बोटाने पुन्हापुन्हा लावत राहिले आणि मग मोठ्याने रडले. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

तेवढ्यात वाघोलीहून निघालेले आत्याचे यजमान अडीच तास वाहतुकीत काढून एकदाचे पोचले. बसायच्या आधीच म्हणाले, "फार वाईट झालं. कार्गो होतं, असं आत्ता खाली कळलं."

बाबांनी डोळे पुसले. आवाज पुन्हा कचेरीतला झाला.

"चुकीचं कळलं आपल्याला. माझा मुलगा कापसावर औषध फवारत होता."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे खोडायचं नाही."