जांभळ्या कापडाचे दोन रविवार

रविवारी दुपारी दवाखान्याचं दार ओढून घेतलं, की बाई जुन्या रबरशीटच्या तुकड्याची घडी काखेत मारायच्या आणि एसटीकडे चालू लागायच्या. "कुठं निघालात?" म्हणून कुणी विचारलं, तर उत्तर ठरलेलं. "देवीकडे. मागायला नाही, बसायला."

पौडच्या दवाखान्यात त्या थोरल्या नर्स, मी धाकटी. बाई नगरकडच्या कॅथलिक. आमच्या भागात चर्च कुठलं असणार? धरणाच्या वसाहतीत एका गोवेकर फिटरने दगडी कोनाडा बांधून मरियामातेची हातभर मूर्ती बसवली होती, तेवढंच. समोर शीट अंथरून त्या तासभर बसत. हातात जपमाळ असे, पण मणी सरकताना मी तरी पाहिले नाहीत. पहिल्यांदा सोबत गेले तेव्हा मला वाटलं, बाई बसल्या बसल्या झोपल्या.

"झाली प्रार्थना?" मी विचारलं.

"ती काही बोलली नाही, मी काही बोलले नाही. बरं वाटलं."

यात गूढ काही नव्हतं. बाकीचे सहा दिवस अख्खा तालुका त्यांच्याशी बोलत असे. भऱ्यात बाळंतीण अडली, लवळ्यात पोराला आकडी आली. बैलगाडी दारात उभीच. असं थकलेलं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. झोपून त्याचा थकवा जात नाही.

पुढे बायकांना त्या जागेचा पत्ता लागला. आधी निरोप आले. "बाई, तुमच्या देवीला सांगा की, औंदा पोरगा व्हऊ दे." मग नारळ आले. मग बायकाच. देवीला खण दाखवायचा आणि वळून बाईंना पोराचं गळू दाखवायचं. "हितं आलोच हाय तर बगा की." बाई बघत. शीटची घडी काखेतून निघेनाशी झाली.

"हाकलून द्या ना," मी म्हणाले.

"आईच्या दारातून? मी कोण हाकलणारी?"

ईस्टरच्या आधी पंधरा दिवस मूर्ती जांभळ्या कापडाने झाकून ठेवायची त्यांच्यात रीत होती. त्या वर्षी फिटरने कोनाडा झाकला. रविवारी बायका आल्या आणि कापड बघून थबकल्या.

"देवी झाकलीया," त्यांतली थोरली म्हणाली. "दर्शन न्हाई आज. चला गं." एवढंच. पोरं काखोटीला मारून सगळ्या परत फिरल्या. बाईंनी शीट अंथरली.

असे दोन रविवार मिळाले. सोमवारी त्या कुणावर खेकसल्या नाहीत, म्हणून मी फिटरला परस्पर निरोप धाडला: ईस्टर झाला तरी कापड राहू दे. त्याला बाईंची दशा दिसत होतीच. त्याने राहू दिलं.

ईस्टरच्या दुपारी आम्ही गेलो. बाईंनी कापडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे तुझं काम?"

"हो. राहू द्या. कुणाला काय कळतंय?"

त्यांनी कापड ओढून काढलं, नीट घडी घालून माझ्या हातात दिलं. "पंधरा दिवस पुरे. आईला एवढीच रजा."

पुढच्या रविवारी नारळ, खण, गळवं सगळं हजर. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. वर्षातले दोन रविवार सोडले, तर पुढे हे असंच चाललं.

चार वर्षांनी त्यांना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं. हृदय थकलं होतं. मी पाहायला गेले, तर खाटेभोवती आमच्याकडच्याच पाचसहा बायका. एसटीने आलेल्या, कडेवर पोरं. एकीने त्या अवस्थेतही पोराची जीभ बाईंना दाखवली, आणि बाईंनी मान उचलून ती पाहिली. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि खाटेभोवती हिरवा पडदा ओढला. आता ओरडतील, काढ म्हणतील, म्हणून हात पडद्यावरच ठेवून उभी राहिले.

बाईंनी डोळे मिटले. "राहू दे," म्हणाल्या.

पडद्याबाहेर येऊन स्टुलावर बसले. तेवढ्यात आमच्याकडच्या चांदे गावची एक म्हातारी नारळ घेऊन पोचली. "बाई कुटं हायेत?" मी पडद्याकडे बोट केलं. म्हातारीने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला काही सांगावं लागलं नाही. नारळ जमिनीवर ठेवून तिने बाहेरूनच हात जोडले आणि दाराशी घोटाळणाऱ्या बाकीच्यांना म्हणाली, "चला गं."